अत्तर लावलेली पिल्ले

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात, वैशाखातल्या चतुर्थीला, सूर्य दोन हात वर आलेला असताना, राजाच्या प्राणिशाळेमागच्या दगडी हौदात अकरा माद्या बुडवण्यात आल्या.

त्या उंदरांच्या माद्या होत्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या, रेशमासारख्या मऊ केसांच्या. त्यांनी स्वतःची पिल्ले मारली, असा आरोप होता. आरोप खरा होता. चौकशी मात्र झाली नव्हती.

झाले होते ते असे. एका व्यापाऱ्याने हे उंदीर एकाच लाकडी खोक्यात घालून गलबतावरून आणले आणि राजाला भेट दिले. राजाला ते इतके आवडले की शेजारच्या पाच राजांना दिवाळीपर्यंत एकेक जोडी पाठवण्याचा शब्द त्याने देऊन टाकला. काम आले प्राणिशाळेच्या अधिकाऱ्याकडे. हा माणूस जन्मभर घोड्यांत वावरलेला. घोड्यांच्या हिशेबाने त्याने देखणे नर आणि देखण्या माद्या निवडल्या आणि एकेक जोडी वेगळ्या पितळी पिंजऱ्यात ठेवली.

त्या राज्यात एक रीत होती. राजासमोर जे जाईल ते धुऊनपुसून, अत्तर लावून जाईल. मग तो घोडा असो, पाहुणा असो की आंब्यांची करंडी. त्यामुळे पिल्ले झाली की रोज सकाळी ती घरट्यातून काढली जात. वाळ्याच्या पाण्याने धुतली जात. कापसाच्या बोळ्याने अत्तर लावून दरबारात फिरवली जात आणि परत आईपुढे ठेवली जात.

आई हुंगायची, मागे सरायची आणि कडकडून चावायची.

"राक्षसिणी आहेत!" अधिकारी म्हणाला. "पोटच्या पोराची माया नाही, तर ठेवून करायचंय काय?"

हौदाकडे बारा माद्या निघाल्या होत्या. प्राणिशाळा झाडणाऱ्या म्हातारीने बारावी पदरात लपवली. ही म्हातारी चाळीस वर्षे तिथली लीद काढत होती आणि चाळीस वर्षांत तिला कोणी काही विचारले नव्हते.

घरी येऊन तिने पदर सोडला. "खरं सांग गं, का मारलंस?"

"मी माझं पिल्लू मारलं नाही, आजी," उंदरीण म्हणाली. "माझी पिल्लं मला वासानं कळतात. ती सकाळी कुणीतरी उचलून नेली. परत आणून ठेवलं त्याला फुलांचा वास होता. मला वाटलं, परकं कुणी घरात शिरलं. आजी, माझी पिल्लं कुठं आहेत?"

 म्हातारी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती तशीच, न्हाणं नाही की अत्तर नाही, उंदरिणीला ओंजळीत घेऊन दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, एक विचारते. गलबतावर तीन महिने यांना पिल्लं होत होती, वाढत होती. तिथं एकाही आईनं दात लावला नाही. मग इथंच का लावला?"



"आता लीद काढणारीनं आम्हाला शिकवायचं!" अधिकारी हसला. "सात पिढ्या घोडे वाढवलेत आमच्या घराण्यानं."

"वाढवलेत ना, सरकार. पण घोडी कधी दुसऱ्या घोडीच्या अंगावर लोळत झोपलीय का? हे झोपतात. एकीची पोरं दुसरी पाजते. यांना महाल नको, गर्दी हवी."

कोणीतरी फिसकन हसले. राजा हसला नाही. "तुला काय पाहिजे?"

"ते जुनं खोकं, त्यातलं जुनं गवत. दाणापाणी मी फटीतून घालीन, पण चाळीस दिवस झाकण कुणी उघडायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"आणि नाही जमलं तर," अधिकारी घाईने म्हणाला, "ही उंदरीण हौदात आणि ही म्हातारी सीमेपार."

राजाने मान डोलावली.

गलबतावर एकत्र वाढलेल्या चार तरुण माद्या आणि एक नर, दरबारी नेण्यासारखे देखणे नाहीत म्हणून, कोपऱ्यात त्याच जुन्या खोक्यात पडले होते. त्यांच्या गवतात म्हातारीने उंदरिणीला दोन दिवस लोळवले, अत्तराचा शेवटचा मागमूस जाईपर्यंत. मगच तिला आत सोडले. पाचही जण जवळ आले. हुंगले. आणि सरकून तिला मधे जागा दिली.

सव्विसाव्या दिवशी खोक्यातून बारीक चिवचिव आली. बातमी लागताच अधिकारी अत्तरदाणी घेऊन हजर. मागे राजा.

"सर बाजूला!"

म्हातारी झाकणावर बसली. "उचला मला आधी."

"राजाज्ञा मोडतेस?"

"मोडत नाही, सरकार, पाळतेय. अजून चौदा दिवस आहेत." मग ती राजाकडे वळली. "महाराज, बघू नका. ऐका."

राजा गुडघ्यांवर बसला. त्याने खोक्याला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठल्यावर त्याने अत्तरदाणी अधिकाऱ्याच्या हातातून काढून घेतली.

चाळिसाव्या दिवशी झाकण निघाले. पाच आया एका ढिगात पसरल्या होत्या आणि पन्नासच्या वर पिल्ले जिथे जागा मिळेल तिथे पीत होती.

"यातली हिची कोणती?" राजाने बाराव्या मादीकडे बोट दाखवले.

"तिला विचारा, महाराज. ती म्हणेल, सगळी."

त्या दिवसापासून प्राणिशाळेत अत्तर बंद झाले. दिवाळीला पाचही राजांना उंदीर गेले. जोड्या नव्हे, एकत्र वाढलेले घोळके. अधिकाऱ्याला या यशाबद्दल शेला मिळाला. तो त्याने घेतलाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही: ज्याला वाढवायचे त्याला आधी त्याच्या रीतीने जगू द्यावे, आणि आपल्या चुकीचा दोष त्याच्या माथी मारू नये.

म्हातारीने मात्र भर दरबारात आणखी एक प्रश्न विचारला होता: त्या अकराजणींचे काय? हौदावरच्या माणसांनी अधिकाऱ्याकडे बोट दाखवले, अधिकाऱ्याने रीतीकडे. बुडवण्याचा हुकूम कोणी दिला, हे त्या राज्यात अजून कोणीही सांगितलेले नाही.