पाव्याची कोरडी पत्ती

एकदा काय झालं, फार फार पूर्वी, दूर तिकडे ग्रीस देशात, एका तळ्याकाठी मिर्तो नावाची एक बाई राहायची. तळ्यात बोरूचं रान होतं. मिर्तो बोरू कापायची, वाळवायची आणि तासून तासून पाव्याच्या पत्त्या करायची. पत्ती म्हणजे काय? पाव्याच्या तोंडाशी बसवतात ना, ती पातळ चीप. ती ओली असली तर पावा गातो, कोरडी असली की नुसतं फुसफुस. लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तिचा नवरा थेरॉन. तो पावा वाजवायला लागला की मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबायच्या. पण माणूस भारी वेंधळा! पत्ती भिजवायचं त्याला कधी म्हणून आठवायचं नाही. मग मिर्तोच ती तोंडात धरायची, चांगली ओली करायची. थेरॉन न बघताच मागे हात पसरायचा, आणि ती त्याच्या तळव्यावर पत्ती ठेवायची. रोजचंच होतं ते.

मग एक दिवस थेरॉनला ताप भरला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. अशी तोंडं पाडू नका, गोष्ट अजून संपली नाही.

त्या देशात मेलेली माणसं पाताळात जायची, बरं का. तिथे होती एक नदी. तिचं पाणी घोटभर प्यायलं की मागचं सगळं पुसलं जायचं. घरदार, आईबाप, बायको, सगळं. आणि प्रत्येकाला ते प्यावंच लागायचं, रांगेत उभं राहून. मिर्तो ताडकन उठली. "माझा थेरॉन रांगेत असेल," ती म्हणाली, "त्याची पाळी यायच्या आत मला पोचलं पाहिजे." तिनं पावा कमरेला खोचला, बोरू-मेणाच्या पिशवीत मधाच्या पोळ्या टाकल्या आणि डोंगरातल्या गुहेतून ती खाली उतरली.

आधी लागला एक काळा डोह, आणि डोहावर नावाडी. तो म्हणाला, "जिवंत माणसाला मी नेत नाही. आणि माझी नाव गळतेय." मिर्तोनं पिशवीतले बोरू काढले, त्यांना मेण फासलं आणि भोक पक्कं बुजवलं. मग काय, बसवलंन् बाई नावेत. पण वल्हं मारायचा किती हळू! रांग तिकडे पुढे सरकत असेल, मिर्तोचा जीव टांगणीला लागलेला.

मग लागला कुत्रा. तीन तोंडांचा! मिर्तोनं घाईघाईत पोळ्या आणल्या होत्या दोनच. दोन तोंडांनी खाल्ल्या आणि ती दोन्ही घोरायला लागली. तिसरं बसलं गुरगुरत. मिर्तो त्याच्या कानामागे खाजवत राहिली. "झोप रे बाबा, झोप!" पण ते कसलं झोपतंय? इथे एक आहे ना, अगदी तसंच. शेवटी एकदाचा त्याचा डोळा लागला, आणि मिर्तो धावत सुटली.

मग लागली नदी. थेरॉनच्या पुढे एकच म्हातारा उरला होता! मिर्तोनं जाऊन थेरॉनचा हात धरला. "मिर्ते, तू गं कशी इथे?" तो म्हणाला. तेवढ्यात पाताळाचा राजा गरजला, "थांब! इथून कुणी परत जात नाही."

शेजारी त्याची राणी बसली होती, कायम उदास. तिला तो पावा दिसला. ती म्हणाली, "वाजवू दे ना त्याला. किती दिवसांत काही ऐकलं नाही मी."

राजा म्हणाला, "वाजव. राणी हसली तर दोघं जा. नाही हसली तर दोघं इथेच राहाल."

थेरॉननं तिच्याकडून पावा घेतला आणि मागे हात पसरला. मिर्तोनं पत्ती तोंडात धरली. पण भीतीनं तिच्या तोंडाला कोरड पडली होती. एक थेंब लाळ नाही! तिनं चावली, चोखली, पत्ती आपली कोरडी ठणठणीत. थेरॉननं वळून पाहिलं. त्याला तिची दया आली. जन्मात कधी नाही ते त्यानं स्वतः पत्ती भिजवायला घेतली. वाकला, आणि नदीत बुडवली. मिर्तोला ओरडायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. पत्ती त्याच्या ओठांत गेलीसुद्धा.

मग थेरॉननं असा पावा वाजवला, असा वाजवला, की राणी रडता रडता हसली. राजानं शब्द पाळला. दोघं वर निघाली.

मिर्तो जीव मुठीत धरून विचारत होती, "तळं आठवतं?" आठवत होतं. "मेंढ्या?" त्याही आठवत होत्या. "आईचं नाव?" तेही. मिर्तोला जरा हायसं वाटलं. पण नदीचा एक थेंब ओठाला लागला होता ना! वाजवताना त्याच्या मनात जे होतं, तेवढंच पुसलं गेलं होतं. गुहेबाहेर उन्हात आल्यावर त्यानं हात जोडून विचारलं, "तुमचे उपकार झाले, बाई. पण तुम्ही कोण?"

मिर्तो मटकन खालीच बसली. खूप रडली. मग उठली आणि त्याला घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्ती तासायला बसली. झाल्यावर सवयीनं तोंडात धरली. आता तोंड ओलं होतं. पुढ्यात थेरॉन पावा पुसत होता. न बघताच त्यानं मागे हात पसरला.

मिर्तोनं त्या तळव्यावर पत्ती ठेवली. "नाव काय तुमचं?" तो म्हणाला. तिनं सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

जुनं त्याला कधीच आठवलं नाही, बरं का. मग त्यांनी पुन्हा एकदा लग्न केलं, आणि तळ्याकाठी दोघं सुखानं राहिली. हं, आता तिसरं तोंड मिटा आणि झोपा बघू.