पानी कुनाचं?

बांध बघायला पाहुणे आले की जोडबांधच्या माणसांचा एकच हट्ट असतो. पायऱ्या उतरण्याआधीच ती बजावतात, इथे उभं राहून 'आमचं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आमचं गाव म्हणू नका, आमची गाडी म्हणू नका. शिकलेले पाहुणे हसतात. हसू द्यावं. मग त्यांना पलीकडच्या काठाला, बांधातून पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडाशी नेऊन शेंदूर लावलेला दगडांचा ढीग दाखवतात. पाट त्या ढिगाखालून वाहतो आणि त्यातला एकही दगड आजवर कुणी हलवलेला नाही. तिथे उभं राहिलं की बहुतेकांचं हसू आपोआप आवरतं.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. ओढ्याच्या अलीकडे एक वाडी आणि पलीकडे एक. जमीन दोन्हीकडे कसदार, पण पावसाळा सरला की ओढा आटायचा. उरायचा तो फक्त साती आसरांचा, पाण्यातल्या त्या सात देवतांचा, डोह, आणि त्याच्याकडे भर दुपारी कुणी फिरकत नसे. दोन्ही वाड्यांनी मिळून डोहाच्या खालच्या अंगाला बांध घालायचं ठरवलं. सावडीने, एकमेकांना हात देत, बैल जुंपले, माळावरचे दगड ओढून आणले. पण दिवसभर रचलेला थर सकाळी डोहात गेलेला असायचा. माणसं घाबरली. कुणी म्हणालं बोकड द्या, कुणी हळूच त्याहून भलतंच सुचवलं.

शेवटी पलीकडच्या वाडीतल्या एका म्हातारीच्या अंगात आसरा आल्या. त्या म्हणाल्या म्हणे, "पानी कुनाचं, त्ये आदी ठरवा. ज्याच्या तोंडानं ठरलेलं तुटंल, त्याच्या घरचं मानूस आमी नेऊ."

दोन्ही वाड्यांची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. हातात हात घालून एका आवाजात म्हणाली, "आपलं." त्यानंतर बांधाचा दगड हलला नाही. दोन काठांना दोन मोऱ्या ठेवल्या, पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि काही वर्षांनी सोयरिकीही सुरू झाल्या. बांधावरून चालत सासरी आलेली पहिली सून म्हणजे हौसा. माहेर पलीकडे, सासर अलीकडे. माहेरी धाकटा भाऊ मल्हारी, सासरी नवरा नागू. दोन्ही घरं तिला आपल्या परसातून दिसायची. आपल्यासारखी सुखी आपणच, असं तिला वाटायचं.

मग एका वर्षी पावसाने दगा दिला. बांध निम्माच भरला. पलीकडच्या वाडीची पाळी चालू होती, त्यांची ज्वारी हुरड्यात होती. इकडे हौसाच्या सासऱ्याची, सटवाजीची, झोप उडाली. वाडीत त्याचा शब्द चालायचा. त्याने नागूला बांधावर नेलं आणि पलीकडची मोरी बुजवायला सांगितलं. हौसा भाकरी घेऊन आली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. नागू मुकाट्याने पाण्यात उतरला होता. भल्या घरचा मुलगा, बापापुढे त्याचा आवाज निघत नसे. हौसाने सासऱ्यापुढे पदर पसरला.

"मामंजी, पाळी त्यांची हाय. आसरांचं बोलनं इसरलासा व्हय?"

सटवाजी चिडला. पलीकडच्या शेतात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पानी आमचं हाय! आमीच घेनार!"

डोहावरचं पाणी गपकन शांत झालं म्हणे. नागू मोरीत लाकडाची मेख पायाने दाबत होता. मेख निसटली आणि पाठोपाठ त्याचा पाय आत ओढला गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. छातीला लागलेलं पाणी गळ्याला लागलं. सटवाजीने त्याच्या काखेत हात घालून ओढलं, पण आतून ओढणारं जास्त ताकदीचं होतं. नागू हौसाकडे बघत राहिला.

पाटातलं पाणी खालून तुंबवल्याशिवाय मोरीची ओढ थांबणार नव्हती, आणि पाट पलीकडच्यांच्या रानात होता. हौसा पाटाच्या काठाने धावत सुटली. मल्हारी आणि त्याची माणसं खोरी टेकवून उभी होती. सटवाजीचं ओरडणं त्यांच्या कानांवर पडलंच होतं.

"धावा रं! आमचा मानूस मोरीत अडकलाय!"

कुणी हललं नाही. सासरी गेलेल्या बाईने सासरच्या माणसाला 'आमचा' म्हणावं, यात काही वावगं नव्हतं. पण त्या दिवशी तो शब्द मल्हारीच्या जिव्हारी लागला.

"पानी तुमचं, मानूस बी तुमचा. मग आमी कशापायी याचं?"

आपण काय बोललो, ते हौसाला तेव्हा उमगलं. ती मातीत बसली आणि किंचाळली, "आपला रं मल्हारी, आपला!"

मल्हारीने खोरं टाकलं. "आपला म्हनलीस न्हवं? मग मीच म्होरं."

त्यांनी घोंगड्या टाकल्या, माती लोटली, तरी पाणी थोपेना. शेवटी माणसंच पाटात एकमेकांना पाठ लावून बसली, आणि सगळ्यांत पुढे, मोरीच्या पाटाकडच्या तोंडाशी, मल्हारी. पाटातलं पाणी चढत त्यांच्या हनुवटीला लागलं. तेव्हा कुठे मोरीची ओढ सैल पडली आणि सटवाजीने लेकाला वर खेचला. नागू जिवंत होता. पण त्याचा पाय निघताच कोंडलेलं पाणी एकदम सुटलं, मोरीच्या तोंडाचे दगड निखळले आणि मल्हारीवर कोसळले.

बाकीचे सगळे वर आले. हौसा रडली नाही, असं सांगतात. ढिगाजवळ बसून एकच म्हणत राहिली, "मामंजींच्या तोंडानं तुटलं, तवा माझा दादला धरला. माझ्या तोंडानं तुटलं, तवा माझा भाऊ न्येला. घरं दोन असली तरी मानसं माझीच."

सटवाजी पुन्हा बांधावर चढला नाही. पुढच्या वर्षी पाणी सोडायच्या वेळी हौसा बांधाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि मरेपर्यंत दरवर्षी उभी राहिली.

आजही पाणी सोडायचं ते भर दुपारीच. एका काठाला माहेर आणि दुसऱ्या काठाला सासर असलेली बाई बांधावर जाते आणि विचारते, "पानी कुनाचं?" दोन्ही काठांवरून माणसं ओरडतात, "आपलं!" लहान पोरांचीही तोंडं आया बघून घेतात, कुणी गप्प राहिलं तर नाही ना. मग सगळे श्वास रोखून ढिगाकडे बघत थांबतात. त्या दगडांखालून आणखी एक "आपलं" येतं म्हणे, जरासं उशिरा, धापा टाकत आल्यासारखं. ते कानावर येईपर्यंत मोरीला कुणी हात लावत नाही.