भिवाचे वाकडे तास

तासगव्हाणच्या माळाखाली नांगराच्या फाळाने ओढलेले एक जुने तास आहे. निम्म्यापर्यंत सरळ, मग उजवीकडे वळलेले. भोवती ज्वारी डोलते, त्या तासात मात्र कोणी पेरत नाही.

एकदा इंग्रजीच्या बाई मुलींना घेऊन ते पाहायला आल्या. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत 'प्रिव्हॅरिकेट' असं एक क्रियापद आहे, फारसं कोणी वापरत नाही. खरं टाळून आडवळणानं बोलणं. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाकडं चालणं. नांगऱ्या सरळ तास सोडून गेला, तरी हाच शब्द."

गावच्या गोदाआजी म्हणाल्या, "लॅटिनचं मला ठाऊक नाही, बाई. भिवाचं सांगते."

भिवा नांगऱ्या होता, म्हणे. विधवा चिमाबाईचे आणि शेजारच्या हैबतीचे, दोन्ही शेते तोच नांगरायचा. एका वर्षी मधला बांध पुरात वाहून गेला, टोकांना कडुलिंबाचे झाड आणि हद्दीचा धोंडा तेवढे उरले. हैबतीने तो धोंडा चिमाबाईच्या शेतात पंधरा पावले सरकवला. पाहिले एकट्या भिवाने. पण हैबती त्याच्या बहिणीचा, ठकूचा नवरा. "तोंड उघडलंस तर ठकू संध्याकाळी तुझ्या दारात," एवढेच तो म्हणाला होता.

पंच बसले. भिवा खोटे बोलला नाही, खरेही बोलला नाही. पुरात धोंडेही सरकतात म्हणाला, नजर अधू झाली म्हणाला. चिमाबाईची वर्षाची भाकरी त्या तुकड्यावर होती. ती उठली.

"बोलू नकोस, भिवादादा. नांगर धर. लिंबापासून हद्दीवरनं एक तास घाल. जिथं जाईल, तिथं माझी हद्द."

हैबती हसला. "घाल की मेव्हण्या. बाईची हौस फिटू दे."

बैलांना वर्षानुवर्षांची वाट ठाऊक. ते जुन्या हद्दीवरूनच निघाले. सरकवलेला धोंडा उजवीकडे राहू लागला, तसा भिवाने कासरा ओढला. बैल अडले. त्याने पुन्हा ओढला, तेव्हा फाळ तिरका शिरला. सगळा गाव पाहत होता. दहा पावलांवर भिवाने बैल थांबवले. त्याने मागे वळून पाहिले. जन्मात पहिल्यांदा त्याचे तास वाकडे गेले होते.

त्याने नांगर सोडला. "बैल खरे चालले, वाकडा मी चाललो. धोंडा हैबतीदाजींनी हलवला, माझ्या डोळ्यांदेखत."

ठकू खरेच संध्याकाळी बोचके घेऊन दारात आली. भिवा जेवायला बसला होता. तो उठला आणि आपला पाट तिला दिला, असे सांगतात.

आजही तासगव्हाणात साक्ष द्यायची असेल, तर माणूस लिंबापासून त्या तासातून अनवाणी चालत येतो, वळणाशी थांबतो आणि तिथेच उभा राहून बोलतो. आणि त्या साक्षीपायी कुणाची लेक माहेरी परतलीच, तर घरातला पहिला पाट तिचा.