गोड आवाजाचा वाडगा

एकदा काय झालं, आणि हे खूप मागचं आहे, इतकं मागचं की तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. लहानांनी मांडी घालून बसावं, मोठ्यांनी हातातलं काम चालू ठेवलं तरी चालेल. या गोष्टीत प्राणी बोलत नाहीत. माणसंच इतकी बोलली की प्राण्यांना जागा राहिली नाही.

गावाच्या डोक्यावर सडा होता. डोंगराचा माथा कुणी कोयतीनं तासून सपाट करावा तसा, आणि त्यावर कमरेएवढं गवत. सड्याच्या एका अंगाला खिंड, तिच्यातून गावात उतरायची वाट. दुसऱ्या अंगाला कडा. कड्याखाली काय आहे ते बघून परत आलेलं कुणी नव्हतं.

गवत कापायला बायका जायच्या. पुरुष शेतात असत, आणि जे शेतात नसत ते देवळाच्या सभामंडपात असत. भर दुपारी, काही कळायच्या आत, कड्याखालून धुकं वर यायचं. चुलीवरचं दूध उतू जातं ना, तसं. मग आपला हात आपल्याला दिसायचा नाही.

म्हणून खिंडीच्या तोंडाशी एका दगडी ओट्यावर, गवताच्या चुंबळीवर, काशाचा मोठा वाडगा ठेवलेला असायचा. धुकं आलं की त्याच्या काठावर लाकडी मोगरीनं टोला द्यायचा. टण्ण असा आवाज उठायचा आणि त्याच्या मागं वाडग्याचं गाणं घुमत राहायचं. बायका त्या टोल्याकडे तोंड करून चालायच्या आणि घरी यायच्या.

वाडग्याची एक रीत होती. गावात नवी सून आली की माहेरच्या भांड्यांतली काशाची एक वाटी बाजूला ठेवायची. वाडग्याला चीर गेली की ओतारी यायचा, साठलेल्या वाट्या वितळवायचा आणि नवा वाडगा ओतून द्यायचा. त्या वाडग्यात गावातल्या सगळ्या सुनांचं थोडं थोडं माहेर होतं.

टोले द्यायचं काम आवडाबाईचं. म्हातारी, खांद्यानं अधू, तोंडानं मात्र ठणठणीत. तिची सून हौसा सड्यावर जायची. दोघींचं दिवसभर वाजायचं. आमटीत मीठ जास्त का, गोठ्याची कडी कुणी उघडी टाकली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना करमणुकीला दुसरं काही लागत नसे.

हौसा म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही वाडगं बडवता तेव्हा वाटतं मलाच बडवताय."

आवडाबाई म्हणायची, "तसंच समज. म्हणजे पाय उचलून येशील."

एके दिवशी राणीचा कारभारी पालखीतून आला. मागं गड्यांच्या डोक्यावर कापसात गुंडाळलेला एक वाडगा. शुभ्र, पारदर्शक, जणू पाण्यालाच आकार दिलेला. स्फटिकाचा होता. त्यावर टोला मारायचा नाही, कातडं गुंडाळलेली काठी काठावरून गोल फिरवायची. राणीला कुणीतरी सांगितलं होतं की या गावाचा वाडगा जुना झालाय, म्हणून तिनं हा धाडला. बाई मनानं चांगली होती. तिला कुणी सडा दाखवला नव्हता.

कारभारी म्हणाला, "यातला कुठला ठेवायचा ते गावानं ठरवावं. स्फटिकाचा ठेवलात तर काशाचा माझ्याबरोबर द्यावा लागेल. राणीसाहेबांच्या दानाशेजारी जुनं भांडं शोभत नाही."

आता नीट ऐका, कारण चूक इथं झाली.

गावकर, म्हणजे गावचा मुख्य, त्यानं पंचांना देवळात बोलावलं. काशाचा वाडगा खिंडीतून खाली आणला. सभामंडपाची दारं लावून घेतली, घोंगड्या अंथरल्या, सगळ्यांनी डोळे मिटले. आधी काशाचा वाजवला. बंद जागेत टोला बसल्यावर पंचांच्या कानठळ्या बसल्या. मग स्फटिकाचा वाजवला. आवाज उठला आणि उठतच गेला. त्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, मधासारखा सगळ्या मंडपात भरून राहिला. एका पंचाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घोरायला लागला आणि जागा झाल्यावर म्हणाला, "साक्षात समाधी."

आवडाबाई दाराबाहेर बसली होती. तिनं कडी वाजवली. "बायका सड्यावरून येतील संध्याकाळी. त्यांना विचारा की."

गावकर आतून म्हणाला, "त्यांना काय विचारायचं, आवडाबाई? त्या कधी निवांत बसून ऐकतात का? त्या तर कामात असतात."

मंडपात हसू पिकलं. तिथं सड्यावर जाणारं एकही माणूस नव्हतं. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथं आले की माझा हात अजून शिवशिवतो.

गावकर पुढं गोड बोलला. "आणि तुमचा खांदा दुखतो ना? याला जोर लागत नाही. नुसती काठी फिरवायची." आवडाबाईचा खांदा खरोखर दुखत होता. तिनं खांद्याला हात लावला आणि ती गप्प बसली.

काशाचा वाडगा पालखीमागून निघून गेला.

संध्याकाळी बायका भारे टाकून बघतात तर ओट्यावर स्फटिक. हौसा चुलीपाशी गेली ती तशीच उभी राहिली.

"आत्याबाई, तुम्ही तिथं होता. तुम्ही गप्प कशा बसलात?"

"बोलले की मी."

"आमटीत मीठ जास्त झालं तर तुम्ही गल्ली गोळा करता. इथं एवढंच बोललात?"

आवडाबाई म्हणाली, "माझा खांदा दुखतो गं."

"मग मला सांगायचं. तेल लावून चोळून दिला असता." हौसानं खिंडीकडे बोट केलं. "माझी वाटी होती त्यात. माझ्या आईच्या हातची." मग ती एक शब्द बोलली नाही. त्या घरात इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. शेजारच्या बायका दोनदा विस्तव मागायच्या निमित्तानं डोकावून गेल्या.

सकाळी हौसा भाकरी न बांधताच सड्यावर गेली. आवडाबाईनं ते पाहिलं, आणि हाक मारली नाही.

दुपारी धुकं आलं.

आवडाबाई ओट्याशी पोचली. कातड्याची काठी काठावरून फिरवू लागली. आवाज उठला, गोड, गोल, भरलेला. गावकर मुद्दाम ऐकायला वर आला होता, बसायला चटई घेऊन. "वा," म्हणाला. "आता बघा बायका कशा आनंदानं येतात."

वाट बघितली. कुणी येईना. एरवी पहिल्या काही टोल्यांतच एखादीचा भारा धुक्यातून दिसायचा.

शेवटी खिंडीच्या दगडांना हात लावत, गुडघ्यांवर रांगत, एक आली. ठकू, शेजारच्या घरातली. गुडघे सोलवटलेले, डोक्यावर भारा नाही. आवडाबाईच्या लुगड्याला हात लागला तशी दचकली.

"आवाज कुठून येतोय?" ठकूनं विचारलं.

"हा काय, माझ्या हाताखालून."

"नाही. समोरून येतोय, मागून येतोय, कानाच्या आतून येतोय. मी नुसता दगड सापडला म्हणून इथं आले." ठकूचे दात वाजत होते. "काकू, आम्ही सगळ्या वेगवेगळ्या दिशांना चाललोय. आणि प्रत्येकीला वाटतंय घर समोर आहे."

आवडाबाईनं काठी थांबवली. "हौसा कुठाय?"

"माझ्या डाव्या हाताला होती. मग लांबून हाक आली. मग नाही आली."

डाव्या हाताला म्हणजे कड्याकडे.

गावकर उठला. "थांबू नका. थांबलात तर त्यांना काहीच ऐकू येणार नाही."

"जे ऐकू येतंय त्यानंच त्या मरायला निघाल्यात," आवडाबाई म्हणाली. आणि ठकूला म्हणाली, "खाली पळ. घराघरांतून काशाच्या वाट्या आण, ताटं आण, हाताला लागेल ते आण."

जुनी मोगरी ओट्याखाली पडली होती. लाकूडच ते, पालखीत तिला कोण घेणार? म्हातारीनं ती उचलली. गावकरानं तिचा हात धरला. "शुद्धीवर या. राणीसाहेबांचं दान आहे."

"राणीसाहेबांना सांगा, आवडीची सून सड्यावर आहे."

तिनं हात सोडवला आणि दुखऱ्या खांद्याचा सगळा जोर लावून स्फटिकावर घाव घातला.

तो फुटला. खळ्ळकन असा आवाज झाला की डोंगर दचकला. गावात आल्यापासून पहिल्यांदा, आपण कुठं आहोत ते त्या वाडग्यानं सांगितलं.

तिकडं सड्यावर हौसा चालत होती. घर समोरच आहे अशा खात्रीनं चालत होती. एक पाऊल पुढं टाकलं आणि बोटांखाली जमीन लागली नाही. ती गवताचा झुपका धरून मागं बसली. आवाज अजून समोरूनच येत होता, त्या पोकळीतून, या या म्हणत. आणि मग तो थांबला. मग खळ्ळकन काहीतरी फुटलं. तिच्या पाठीमागं फुटलं.

हौसा वळली.

थोड्या वेळानं वाट्या बडवल्याचा आवाज आला, टण टण टण, आणि त्याच्यावर एक ओळखीचा गळा. "हौसे, भवाने, उपाशी गेलीस, आता कुणाचं रक्त पितेस? ये इकडं. ये म्हणते ना. तुझ्या भाकरीला मुंग्या लागल्या."

हौसा त्या शिव्यांच्या दिशेनं चालत आली. चुंबळ हरवली होती, विळा हरवला होता. आवडाबाईनं तिला चाचपून बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात कोंबडी बघतात तसं, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून वाटी बडवत राहिली. बाकीच्या अजून यायच्या होत्या.

एकेक करून त्या आल्या. एक आली नाही.

ती त्याच वर्षी लग्न होऊन आलेली होती. तिचं नाव मला विचारू नका. गावाला ते पाठ व्हायच्या आधीच ती गेली, आणि नंतर कुणी लक्षात ठेवलं नाही. वाडग्याचा राग मी गिळला असता. हा राग गिळता येत नाही.

बातमी लागताच कारभारी आला. "दानाची भरपाई कोण देणार?" म्हणाला. आवडाबाईनं फडक्यात बांधलेले तुकडे त्याच्या पालखीत ठेवले.

"स्फटिकाचा काही दोष नाही," ती म्हणाली. "देवळात ठेवला असतात तर आम्हीही ऐकायला आलो असतो. भरपाईचं म्हणाल, तर कड्याखाली आमची एक पोर आहे. तिला वर आणा. मग तुकडे मोजू."

कारभाऱ्यानं पालखीचा पडदा ओढला. तो पुन्हा त्या डोंगराकडे फिरकला नाही.

ओताऱ्याला बोलावलं. बायकांनी घरातल्या उरल्यासुरल्या काशाच्या वाट्या आणल्या. त्या नव्या सुनेची वाटी सगळ्यांच्या आधी मुशीत गेली. ओताऱ्यानं दोन वाडगे ओतले, एक जाड काठाचा, एक पातळ, आणि विचारलं, "कुठला ठेवायचा?"

गावकर सवयीनं म्हणाला, "देवळात नेऊ. वाजवून बघू."

हौसा मधे उभी राहिली. "देवळात नाही. आणि बघायचं तुम्हीच, गावकर. तुम्ही आणि सगळे पंच. धुकं आलं की सड्यावर जा. इथं आत्याबाई दोन्ही वाजवतील. जो तुम्हाला घरी आणेल तो ठेवू."

"आणि नाही आणलं तर?"

"तर तो नाही ठेवणार," हौसा म्हणाली. बायका हसल्या नाहीत. वाटेवर दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, म्हणजे पंचांना निसटून घरी जाता येऊ नये.

धुकं आलं तेव्हा पंच सड्यावर होते. समाधी लागलेला तो पंच पहिल्याच टोल्याला गुडघ्यांवर बसला आणि तसाच रांगत आला. गावकराचं धोतर काट्यांत गेलं. मंडपात ज्या आवाजानं त्यांच्या कानठळ्या बसल्या होत्या, तो आता थांबला की ते लहान पोरांसारखे रडकुंडीला येत होते. खिंडीत पोचल्यावर गावकर ओट्याला धरून उभा राहिला.

"जाड काठाचा," एवढंच म्हणाला. "आणि जोरात मारा, आवडाबाई. अजून जोरात मारा."

"खांदा दुखतो माझा," आवडाबाई म्हणाली. "सून चोळून देते म्हणून बरं."

जाड काठाचा वाडगा ओट्यावर राहिला. त्यानंतर त्या गावात नियम झाला की सड्यावर न जाणाऱ्यानं वाडग्याबद्दल तोंड उघडायचं नाही. गावकरानं तो पाळला. पण कड्याकडच्या गवताला त्या वर्षी कुणी विळा लावला नाही. ते तसंच उभं राहिलं, वाळलं आणि वाऱ्यानं पडलं.

बोध एवढाच: ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, ती आपल्या कानाला गोड लागते म्हणून निवडू नये. जीव ज्याचा, निवड त्याची.