राजाचा चिंचोका

एका राज्यात जत्रेची माणसं चिंचोक्यांनी मोजत. हसू नका, ऐका. त्याआधी तिथे कोणी मोजतच नसे, आणि एका पुनवेला देवीच्या मैदानावर अशी रेटारेटी झाली, की सतरा जीव पायदळी गेले. तेव्हा राजा हेमकेतूने डोंगरातून एक जोगी बोलावला. जोग्याने मैदानाचं कुंपण मंत्रून दिलं, दाराशी एक रांजण ठेवला आणि रांजणाच्या काठावर बोलकी साळुंकी बसवली.

जोगी म्हणाला, "आत येताना ज्याने त्याने आपल्या हाताने एक चिंचोका रांजणात टाकावा, जाताना एक उचलावा. रांजण भरला की दार मिटेल. मैदानात तेवढीच माणसं मावतात. सांजेला रांजण रिकामा झाला की दार पुन्हा मिटेल, आणि आत जो राहील त्याची शिळा होईल. म्हणून सांगतो, कोणाला वगळू नका."

"कोणालाही वगळणार नाही," राजा म्हणाला. म्हणायला काय जातं!

रांजणाची राखण आवडाईकडे आली. चार जत्रा झाल्या. चेंगराचेंगरी एकदाही नाही. पण दर जत्रेनंतर मैदानात एक नवी शिळा उभी. चौथी शिळा आवडाईच्या नवऱ्याची, सुभानची. पाणक्या होता बिचारा. सगळ्यांना पाणी पाजून शेवटी निघायचा.

मग काय, घरोघर संशय शिरला. कोणी म्हणे जोगी बळी घेतो, कोणी म्हणे साळुंकी आकडा खाते. पण बहुतेक बोटं आवडाईकडेच वळली. राजाचा तर स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. त्याने तिला दरबारात उभं केलं.

"चिंचोके कोण चोरतं?"

"ठाऊक नाही, महाराज."

"तीन जत्रा देतो. चोर दाखव, नाहीतर तुझं शिर जाईल."

"चोर दाखवला तर माझं माणूस परत मिळेल?"

राजाने शेजारच्या जोग्याकडे पाहिलं. जोगी म्हणाला, "मिळेल. चूक ज्याची, त्याने आपल्या हाताने भरून दिली तर."

पहिल्या जत्रेला आवडाईने साळुंकीवर पाळत ठेवली. दर शेकड्याला दोरीला एक गाठ मारली. सांजेला विचारलं, "आत किती आले?"

"तीन हजार बारा."

"बाहेर किती गेले?"

"तीन हजार बारा."

दोरीवरही येणाऱ्यांच्या तीस गाठी, जाणाऱ्यांच्याही तीस. आणि मैदानात कोंडाई कासारीण बांगड्यांच्या माळेसकट दगड होऊन उभी! आवडाईने कपाळाला हात लावला. मोजणी चुकली असती तर चोर सापडला असता. इथे मोजणी चोख आणि माणूस गायब.

"साळुंके, खरं बोलतेस ना?"

"मी चिंचोके मोजते, बाई. माणसं मोज असं मला कोणी सांगितलंच नाही."

ते बोलणं आवडाईच्या डोक्यातून जाईना. म्हणजे कोणीतरी चिंचोका न टाकता आत शिरतं, आणि जाताना मात्र दुसऱ्याचा उचलतं. दुसऱ्या जत्रेला तिने कुंपणाच्या कडेने आणि राजाच्या पालखीसाठी ठेवलेल्या वेगळ्या राजदारात ओली माती लिंपली. कुंपणाशी एक पाऊल उमटलं नाही. राजदारातून फक्त राजाची पालखी आली नि गेली. तिच्या चार भोयांचे चिंचोके तर आवडाईने आधीच टाकून घेतले होते. सांजेला ती मातीवर वाकली. येतानाची पावलं बोटभर रुतलेली, जातानाची नुसती उमटलेली. पालखी रिकामी गेली होती! भोयांना विचारलं, तर चौघांनी मान खाली घातली. त्या दिवशी पिराजी ढोलकीवाल्याची शिळा झाली. आवडाईला रडू येईना, इतका संताप आला.

एरवी ती दाराबाहेर बसे. तिसऱ्या जत्रेला तिने स्वतःचा चिंचोका टाकला आणि दाराच्या आत बसली. आज कोणी राहायचंच असेल, तर आपण राहू, असं तिने ठरवलं होतं. सांज झाली, माणसं निघाली. रांजणात एकच चिंचोका उरला, आणि एक घोंगडीवाला खाली मान घालून आला. त्याने रांजणात हात घातला. आवडाईने त्याचे पाय पाहिले. अनवाणी, पण टाचेला एक भेग नाही. तिने त्याचं मनगट धरलं.

"महाराज, तुम्ही आत येताना काय टाकलंत?"

"सोड! राजा का गर्दीत मोजायचा असतो?"

"आत शिरला तो गर्दी. धक्का लागतो तेव्हा राजा कोण, रयत कोण कळत नाही. उचला तो चिंचोका. दार मिटेल, माझी शिळा होईल. पुढच्या जत्रेला आणखी कोणी."

राजाने शिळांकडे पाहिलं. "लोक माझ्यामागे काय बोलतात, तेवढं ऐकायला मी त्यांच्यात मिसळून जात होतो."

"मग काय बोलत होते?"

"एकच. आज कोण राहणार?"

त्याने मूठ उघडली. चिंचोका पुन्हा रांजणात पडला. आवडाईने कनवटीचे सात चिंचोके काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"सात वेळा आलात, सात टाका. एकेकाचं नाव घेऊन."

"मला नावं ठाऊक नाहीत."

"मला आहेत."

ती सांगत गेली, राजा म्हणत गेला. गेनू. बहिरू. सगुणा. नाव घेऊन चिंचोका पडला की शिळेला श्वास फुटे. चौथं नाव आवडाईने नवऱ्याच्या शिळेकडे वळून सांगितलं. "सुभान," राजा म्हणाला. सुभानने खांद्यावरची पखाल सावरली आणि विचारलं, "सगळे प्यायले का गं?" तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली. मग कोंडाई, मग पिराजी.

"आणि सातवा?"

"तुमचं तुम्ही घ्या."

"हेमकेतू," राजा म्हणाला. महाराज नाही, काही नाही.

"एक आत," साळुंकी म्हणाली.

ते सहा, राजा आणि आवडाई असे आठ जण होते, आठ चिंचोके होते. आठही जण बाहेर पडले, आणि त्यांच्यामागे दार मिटलं. चूक भरून निघाली, मैदानात नवी शिळा कधी उभी राहिली नाही. पुढल्या जत्रेपासून राजा रांगेत उभा राहू लागला. तरी आवडाई त्याची मूठ उघडून पाहिल्याशिवाय त्याला आत सोडत नसे. मीही सोडलं नसतं. त्यांची माणसं जशी घरी पोचली, तशी जत्रेला गेलेली तुमची-आमची माणसं घरी पोचोत.