माथ्यावरची हजेरी

नागझरीच्या राजाने दवंडी पिटवली आणि साऱ्या चाकरांची झोप उडाली. दवंडी अशी : "रोज दिवस उगवायच्या आत प्रत्येक चाकराने डोंगराच्या माथ्यावर, देवीच्या देवळापाशी हजर व्हायचं! उशीर करील तो आळशी. त्याची चाकरी गेली!"

याचं मूळ होतं राजाच्या पोटात. राजा वीरधवल इतका सुटला होता, की त्याला स्वतःच्या पायाची बोटं दिसत नसत. वैद्यांनी डोंगर चढायला सांगितलं. राजाने मनावर घेतलं. धापा टाकत, बसत-उठत तो रोज चढू लागला आणि वर्षभरात माथ्यावर पोचला. पोट उतरलं, पण ते यश थेट डोक्यात चढलं! मला जमलं, मग इतरांना का जमू नये?

आता राजवाडा होता डोंगराच्या ऐन मध्यावर आणि चाकरांची घरं पार पायथ्याशी. पण हे राजाला सांगणार कोण?

तिसऱ्याच दिवशी म्हातारा रखमाजी माळी उशिरा पोचला. सारं आयुष्य त्याने राजाची बाग फुलवली होती. आता गुडघे कुरकुरत होते. राजाने त्याला जागच्या जागी काढून टाकलं. घरी येऊन म्हातारा कोपऱ्यात बसला, तो जेवायलाही उठेना.

त्याची सून भिवरा पदर खोचून उभी राहिली. "मामंजी, तुम्ही दोन घास खाऊन घ्या. मी जाऊन येते."

"कुठे?"

"राजाकडे!"

म्हातारा नको नको म्हणेपर्यंत ती निम्मा डोंगर चढून दरबारात पोचलीसुद्धा.

"महाराज, आमचं घर खाली आहे हो," ती हात जोडून म्हणाली. "मामंजी अंधारातच निघाले होते."

"सबबी!" राजा कडाडला. "मी काय होतो आणि काय झालो, बघ! मेहनत केली, मेहनत! माझ्याआधी जो माथ्यावर पोचेल, त्यानेच माझ्याशी बोलावं!"

"मग मी उद्या पोचते."

दरबारात हशा पिकला. राजाने मिशीला पीळ दिला. "पोचलीस तर तुझ्या सासऱ्याची बाग त्याला परत! नाही पोचलीस, तर घरदार उचलून राज्याबाहेर! कबूल?"

घरदार पणाला लागलं होतं. पण आता माघार कसली? "कबूल! पण महाराज, निघायचं कुठून?"

"जो जिथे झोपला असेल तिथून! अंथरुणातून उठायचं आणि चालू लागायचं. कुणालाही सवलत नाही. मलाही नाही!"

"राजाचा शब्द?"

"राजाचा शब्द!"

दुसऱ्या दिवशी राजा कोंबडं आरवायच्या आधीच उठला. प्रधानाला मागे घेऊन तो असा सुटला, की प्रधानाचं पागोटं वाटेतच पडलं. ते उचलायलाही राजाने त्याला थांबू दिलं नाही. घामाने निथळत तो माथ्यावर आला आणि खिळून उभा राहिला.

देवळाच्या ओसरीवर भिवरा घोंगडी पांघरून बसली होती. तिने एक लांबलचक जांभई दिली.

"आलात महाराज? मला आत्ताच जाग आली!"

"तू... तू निघालीस कधी?"

"निघाले कुठे? नुसती उठले! काल संध्याकाळी वर आले आणि इथेच झोपले. जो जिथे झोपला असेल तिथून, असंच ठरलं होतं ना?"

राजा लालबुंद झाला. "ही लबाडी आहे! सकाळपासून तू एक पाऊलही टाकलं नाहीस! ही काय मेहनत झाली?"

"असं कसं महाराज? मेहनत तर माथ्यावर कोण आधी दिसतं त्यावरून मोजायची! मामंजी झोपतात पायथ्याशी, म्हणून ते आळशी. तुम्ही झोपता मध्यावर, म्हणून तुम्ही कष्टाळू. मी झोपले थेट माथ्यावर, म्हणजे तुमच्या राज्यात माझ्याइतकं कष्टाळू कुणीच नाही!"

प्रधानाने तोंडावर हात दाबला, तरी फिस्सकन आवाज आलाच. राजाने डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. निम्म्यावर राजवाड्याचा कळस चमकत होता. आणि त्याच्या खाली, खूप खाली, धुक्यात चाकरांची इवली इवली घरं. वाटेवर माणसं मुंग्यांसारखी चढत होती.

राजाच्या मिशा थरथरल्या. आणि तो असा खो खो हसत सुटला, की देवळाच्या शिखरावरची पारवे भुर्रकन उडाले!

"हरलो, बाई, हरलो! बाग तुझ्या सासऱ्याची! उद्यापासून हजेरी राजवाड्याच्या दारात!" त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या ओंजळीत घातला. "आणखी काही हवं?"

भिवराने घोंगडीची घडी घातली आणि कमरेवर हात ठेवून ती उठली.

"खाली जायला पालखी मागवा, महाराज! सकाळपासून एवढी मेहनत झाली, आता चालवत नाही!"

राजा हसून हसून ओसरीवरच बसला. त्याने खरोखरच पालखी मागवली.