न घेतलेला डबा

"हात मोडला, म्हणजे देवाने कृपादानही काढून घेतलं का?"

दीनाबाई दारातूनच विचारत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये.

सगुणामावशी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. उभी हयात खेडोपाडी पायी फिरून त्यांनी येशूची सुवार्ता सांगितली. आता डोळ्यांना अंधुकच दिसायचं.

"बस आधी."

बसली. पण ताठ.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत सांगितलं होतं, कुणाला उपदेशाचं दान असतं, कुणाला गाण्याचं, आपल्या दीनाबाईला मदतीचं. तेव्हापासून मंडळीत कुणाचं आजारपण असो, बाळंतपण असो, ही पदर खोचून हजर. तीस वर्षं. आता हात मोडून महिना झाला, तर हिच्या दाराची कडी कुणी वाजवत नव्हतं.

"कुणीच आलं नाही?"

"...पहिल्या दिवशी शेजारची शालिनी आली होती. डबा घेऊन."

"मग?"

"घेतला नाही. डबा रिकामा कसा परत द्यायचा? एका हाताने मी त्यात काय करून घालणार होते?"

त्यानंतर मंडळीतली मालन तिचं धुणं धुवायला आली होती. चहाशिवाय तिला पाठवणं बरं दिसेना, म्हणून तिलाही हिने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. गल्लीभर झालं, दीनाबाईला कुणाची गरज नाही. मग कोण येतंय? अपमान करून घ्यायची हौस कुणालाच नसते.

"घर खायला उठतं, मावशी. मी मंडळीचं काम सोडते. माझं दानच गेलं."

मावशींनी लसणाचे हात लुगड्याला पुसले. पुढे वाकून तिचं डोकं चाचपलं. केसांचा नुसता गुंता.

"पाठ कर इकडे. वेणी घालते."

"तुम्हाला दिसत नाही."

"नाही दिसत."

"हात कापतात तुमचे. राहू द्या."

मावशींनी उशाची फणी घेतली. डोक्यावरचा हात मागे घेतला नाही.

...

बऱ्याच वेळाने दीनाबाई वळून बसली. फणी अडली, ओढ बसली. तिने हूं की चूं केलं नाही. खांदे तेवढे हलत होते.

वेणी झाली. तिने डाव्या हाताने चाचपून पाहिली. एका कानाकडे गेलेली, पेड सैल, अर्धे केस बाहेर. बोटं आपसूक ती सोडवायला निघाली.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "उद्या रविवार. अशीच उपासनेला जा. पुढच्या बाकावर बस. शालिनीला, मालनला दिसू दे, तू वेणी घालून घेतलीस."